शिल्लक वीस

"सतरा," अग्लाया म्हणाली.

मी फडकं पिळत होते. "काय सतरा?"

"अंश. फ्रिजमध्ये सतरा अंश, फ्रोसिना."

तिने दार उघडं धरलं होतं आणि आतला दिवा लागला नव्हता. मधल्या फळीवर तो डबा होता. वीस डोस, गोवराची लस, आठ अंशांच्या खालीच ठेवायची. आठ महिने जिल्ह्याकडे तोंड वेंगाडल्यावर गेल्या गुरुवारी एकदाचा मिळालेला. त्याच आठ महिन्यांत शेजारच्या दोन गावांत गोवर शिरून बसला होता. आज ईस्टरनंतरचा मंगळवार, सकाळचे आठ. बाहेर बाकावर म्हाताऱ्या नातवंडं घेऊन बसल्या होत्या. आमच्या गुरा प्लोपिलोरमध्ये लेकरं म्हाताऱ्यांकडेच असतात, कारण त्यांच्या आया इटलीत दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची ढुंगणं धुवायला गेलेल्या असतात. नवी आली की बाकीच्या ईस्टरच्या रिवाजाने ओरडत, "ख्रिस्त उठला!" ती म्हणे, "खरंच उठला!" आणि मग कुणाच्या घरचा कोझोनाक, सणाचा गोड पाव, फुगला नाही यावर हसू.

"रविवारी किती होतं?" अग्लायाने मला विचारलं.

"चार."

"काल?"

"चार... पाच असेल."

फ्रिजच्या अंगावरच्या, तापमान नोंदवणाऱ्या छोट्या यंत्राचं बटण तिने दाबलं आणि ते माझ्याकडे वळवलं. मागचे आकडे त्यात राहतात हे मला माहीत नव्हतं. रविवारी दुपारी तेरा. काल सोळा.

मी गेलेच नव्हते. रविवारी घरी कोकराचं मटण होतं, जावई आला होता, त्सुइकाची, घरच्या दारूची, बाटली उघडली होती. म्हटलं, फ्रिज काय पळून जातोय. चौतीस वर्षांत सणाचा एक दिवसही न चुकवता आकडे लिहायला येणाऱ्या सिस्टरने मला फक्त दोन दिवस मागितले होते. तिचा मुलगा सहा वर्षांनी स्पेनहून आला होता म्हणून. मी दवाखान्यात झाडू मारणारी बाई, मला आकडा वाचता येतो, आणि तेवढंसुद्धा मी केलं नाही.

"अग्लाया, मी..."

"मागे जाऊन मेन बघ."

मेन पडलेला होता. पेटीतून निघालेली काळी वायर भिंतीवरून चर्चच्या आवारात गेली होती, अजून तशीच. दर वर्षी जाते. चर्चची लाइन जुनी आहे, ईस्टरच्या प्रार्थनेला बाहेर दिवे आणि भोंगे लावले की मान टाकते. म्हणून पाद्री इलारियोन शनिवारी माणूस पाठवतो आणि अग्लाया त्याला पेटीची किल्ली देते. कागदावर कुठे नाही, पण सगळ्या गावाला ठाऊक आहे. या वर्षी त्यांनी भोंगे नवे आणले होते. ख्रिस्त उठला आणि आमचा मेन पडला.

मी मेन वर केला. फ्रिज घरघरायला लागला, जणू काही झालंच नाही.

नऊला डॉक्टर ओनिचानू आले. शहरातून येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी, एकच्या बसआधी परत. त्यांनी यंत्र बघितलं, मग खिडकीतून बाक बघितला.

"किती जण आहेत?"

"अकरा," अग्लाया म्हणाली.

"चार लिहा आणि टोचा."

"यंत्रात सतरा आहे डॉक्टर."

"यंत्र पडलं, फुटलं. यंत्रं फुटतात."

"नाही लिहिणार."

डॉक्टर वाईट माणूस नाही. दमलेला माणूस आहे, आणि दमलेल्या माणसाइतकं नुकसान वाईट माणूससुद्धा करत नाही. त्यांनी खुर्ची ओढली. "बरं. मग वीज गेली म्हणून लिहा. वीज तर गेलीच ना? त्यांच्या फॉर्मवर त्याचा रकाना आहे, खूण करायची. तीन दिवसांत उत्तर येतं. वापरा म्हणाले तर वापरू, नाही म्हणाले तर नवे देतील. ही लस तशी टिकाऊ असते."

"गावात कुणाची वीज गेली नाही. आपली गेली, आणि ती आपणच दिलेल्या वायरीमुळे."

"आणि ते तुम्ही लिहिणार? पाद्रीचं नाव घालून?"

"पाद्रीचं कशाला? किल्ली मी दिली."

"अग्लायाबाई, तुमची निवृत्ती आठ महिन्यांवर आहे."

मीसुद्धा मध्ये तोंड घातलं. "वीज गेली लिही ना गं. कोण बघायला येतंय?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं तिला काय आठवतंय ते. जुन्या कम्युनिस्ट राजवटीच्या शेवटच्या हिवाळ्यांत ती नवी होती, जिल्ह्याच्या अनाथाश्रमात. चुलीला लाकूड नाही, गॅस नाही. मोठी सिस्टर म्हणाली, सुया उकळल्या असं लिही. तिने लिहिलं. सुया उकळलेल्या नव्हत्या. पुढे तिथली काही मुलं झिजून झिजून गेली. कुणाच्या सुईने, कुणी तपासलं नाही. वहीत तर सगळं उकळलेलं होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, बटाटे सोलता सोलता, आणि त्यानंतर बटाटे सोलतच राहिली.

तिने फॉर्म भरला. 'कारण' या रकान्यापुढे चार चौकटी होत्या: वीज खंडित, यंत्र बिघाड, वाहतूक, इतर. तिने 'इतर'वर खूण केली आणि खाली बारीक अक्षरात सगळं लिहिलं. वायर, भोंगे, किल्ली. शेवटी लिहिलं, 'सणाच्या दिवशी तापमान बघायची जबाबदारी माझी होती. मी बघितलं नाही.'

त्या अख्ख्या कागदावर एवढंच खोटं होतं. ते तिने माझ्यासाठी लिहिलं. मी वाचलं आणि गप्प बसले.

जिल्ह्याच्या ऑफिसातून तासाभरात फोन आला. डबा पिशवीत घाला, पिशवीवर 'वापरू नये' लिहा, फ्रिजमध्ये वेगळा ठेवा, लेखी उत्तराची वाट बघा.

बाहेर सांगायला अग्लाया स्वतः गेली. "आज नाही होणार, बायांनो."

"का? फ्रिजलाही सणाची सुट्टी दिलीस काय?" साफ्ता म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

साफ्ता आणि अग्लाया शाळेत एका बाकावर. साफ्ताच्या मांडीवर नात होती, ओर्नेला, पंधरा महिन्यांची. साफ्ताची लेक स्तेलुत्सा इटलीत ज्या म्हातारीला सांभाळते तिचं नाव या पोरीला ठेवलेलं. म्हातारी खूश झाली, तिने एक जुना कोट दिला. पोर ईस्टरच्या लाल अंड्याचं टरफल चोखत होती, हनुवटी लालेलाल.

"फ्रिज बंद पडला होता," अग्लाया म्हणाली. "लस चांगली राहिली की नाही, सांगता येत नाही."

"मग कधी येऊ?"

"कळवते."

"अगं, टेकडी उतरून आणलंय हिला. आता दगडासारखी जड झालीय. जन्माला यायला वेळ लावला नाही हिने, आणि तुझी सुई मिळायला सव्वा वर्ष!"

"कळवते म्हटलं ना साफ्ता. पहिली तुलाच कळवते."

महिन्याच्या पंचवीस तारखेला साठ्याचा हिशेब जातो. काय आलं, काय वापरलं, काय फुटलं, काय शिल्लक. अग्लायाने लिहिलं: आले वीस, वापरले शून्य, शिल्लक वीस. सोबत नवीन वीस डोसांची मागणी. मागणी परत आली. कारण: साठा शिल्लक आहे.

तिने फोन केला. पुन्हा केला. रोज सकाळी आठला आकडा लिहायचा आणि सव्वाआठला फोन. मी लादी पुसत ऐकायचे. "हो, पिशवीतले. नाही, ते वापरायचे नाहीत. हो, म्हणूनच नवे." मग "बरं, उद्या करते."

मेच्या मधल्या आठवड्यात ती म्हणाली, चल माझ्याबरोबर. आम्ही दोघी पहाटेच्या बसने जिल्ह्याला गेलो. तिने चर्चला घालते तो कोट घातला होता. तीन खिडक्या फिरून चौथीवर एक पोरगेलासा माणूस भेटला. स्वच्छ दाढी, समोर दोन संगणक.

"बाई, सिस्टममध्ये तुमच्याकडे वीस डोस दिसतात."

"ते 'वापरू नये'मधले आहेत साहेब."

"हो, ते वापरू नका."

"मग नवे द्या."

"नवे कसे देऊ? वीस आहेत ना तुमच्याकडे."

"मग ते शिल्लकीतून काढा."

"खराब ठरले तर काढू. ठरले कुठे अजून?"

"मग चांगले ठरवा! वापरते."

"ते तपासावर आहे."

मी मागून म्हटलं, "भाऊ, तू जेवतोस तेव्हा चमचा तोंडात जातो का, का तोही तपासावर असतो?" अग्लायाने माझा हात दाबला. तो माणूस हसला, खरं तर चांगला हसला. मग पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही 'इतर' का लिहिलंत? चर्चला वायर हा प्रकार आमच्याकडे कुठे बसतच नाही. वीज खंडित लिहिलं असतं तर हे माझ्याच टेबलावर तीन दिवसांत मिटलं असतं. तुमच्यासारखे चाळीस दवाखाने तेच लिहितात. आता यात निष्काळजीपणा आला, सरकारी वीज बाहेरच्याला दिली असं आलं, म्हणून फाईल कायदा विभागात गेली."

अग्लाया काचेकडे बघत उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कागद द्या," ती म्हणाली.

"कसला?"

"वीज गेली असं लिहून देते. आत्ता. सही करते. अकरा मुलं आहेत साहेब."

मी तिला बेचाळीस वर्षं ओळखते. ते वाक्य तिच्या तोंडून कसं निघालं हे मी बघितलं. दाढ उपटल्यासारखं निघालं.

त्याने मान हलवली. "आता उपयोग नाही. फाईलच माझ्याकडे नाही. पहिल्यांदाच लिहायला हवं होतं."

परतीच्या बसमध्ये तिने डबा उघडला, मक्याची मामालिगा आणि चीज होतं, आणि पुन्हा बंद केला. "फ्रोसिना," ती म्हणाली, "ती लस बहुतेक चांगलीच आहे."

"मग टोच. पिशवी फाड आणि टोच. मी बोलायची नाही."

"आणि बहुतेक नसेल तर? त्यांच्या आया समजतील पोर सुरक्षित झालं. जत्रेला नेतील, आजारी घरात नेतील."

याचं उत्तर शहाण्या माणसांनी सांगावं. शहाण्या माणसांनी सांगावं.

जूनच्या सुरुवातीला आमच्या गावच्या संताचा सण झाला. शेजारच्या गावांतून पाहुणे आले, लांब टेबलं मांडली, पोरं टेबलांखाली एकत्र खेळली. दहा-बारा दिवसांनी चार घरांत ताप. मग डोळे लाल, मग कानामागून पुरळ. साफ्ताने ओर्नेलाला आणलं तेव्हा पोर रडतसुद्धा नव्हती, नुसती धापा टाकत होती. अग्लायाने छातीला नळी लावली, एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि रुग्णवाहिका बोलावली.

"गोवरच ना?" साफ्ताने विचारलं. "गोवर तर आपल्यालाही झाला होता. तुला, मला, एकाच आठवड्यात. आठवतं? तुझ्या आईने खिडकीला लाल चादर लावली होती."

"छातीत उतरलाय, साफ्ता."

"मग उतरव की खाली. तू सिस्टर ना?"

पाचव्या दिवशी पोर गेली. स्तेलुत्सा मिनीबसने दोन दिवसांनी पोहोचली, पांढरे कामाचे बूट अजून पायात. पुरण्याच्या वेळी पाद्री इलारियोन छान गायला, त्याचा गळा चांगला आहे. वायरीबद्दल तो एक शब्द बोलला नाही, ना त्या दिवशी ना नंतर. त्याला कुणी विचारलंही नाही. गावाने विचारलं ते अग्लायाला, आणि तेही तोंडावर नाही. दुकानात ती शिरली की बायका भाव करायच्या थांबायच्या. "आमची संत," कुणीतरी म्हणे. "एक अक्षर खोटं लिहायचं नाही. भले पोरं मरोत." डॉक्टर ओनिचानू मला म्हणाले, "मी सांगितलं होतं." सांगितलं होतंच. बरोबर ठरणं इतकं स्वस्त असतं कधी कधी.

साफ्ता तर तिच्याकडे बघेनाशी झाली. रस्त्यात समोरून आली तर कुंपणाकडे तोंड करून उभी राहायची, आणि अग्लाया पुढे जाईपर्यंत तशीच.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. रविवारी आकडा बघितला असता तर तेरा अंशांवर कळलं असतं, त्याच दिवशी मेन वर केला असता, आणि कदाचित काहीच लिहावं लागलं नसतं. साफ्ताच्या अंगणात जाऊन सांगायला दहा मिनिटं पुरे होती. मी दोनदा तिच्या फाटकापर्यंत गेले. एकदा तिचं कुत्रं भुंकलं, एकदा भुंकलं नाही. दोन्ही वेळा परत आले. अग्लाया मला एकदाही म्हणाली नाही, की जा, सांग. म्हणाली असती तर मी तिचा राग तरी केला असता.

तिच्या नावाने लेखी ताकीद आली. तिने ती वाचून, भोक पाडून फाईलला लावली.

जुलैच्या नऊ तारखेला उत्तर आलं. दोन ओळी. 'तपासाअंती सदर साठा वापरण्यास योग्य आढळला आहे. मुदत एकतीस जुलै असल्याने तातडीने वापरावा.' मी वाचलं आणि माझ्या तोंडून जी शिवी निघाली ती माझ्या बापाने बैलालासुद्धा दिली नव्हती. अग्लायाने पिशवी काढली. 'वापरू नये' लिहिलेली चिकटपट्टी नखाने सोलली, तिचा गोळा करून खिशात टाकला आणि यादी घेतली.

"किती जण राहिलेत?" मी विचारलं.

"सात." तिघांना गोवर होऊन गेला होता. अकरावी कोण ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

शुक्रवारी बोलावलं. बाकावर कुणी एकमेकींशी बोलत नव्हतं. त्यांना यायचं नव्हतं, पण महिन्याभरात गोवर काय असतो ते सगळ्यांनी बघितलं होतं, म्हणून आल्या होत्या. पहिलं पोर दोन वर्षांचं, दांडगं. त्याची आजी म्हातारी, हात कापरे. तो लाथा झाडायला लागला, तिच्या हातून सुटला, टेबलाखाली शिरला. मी ओढून काढला, तर मला चावला. अग्लाया सुई भरून उभी होती.

दार उघडलं. साफ्ता होती. काळा रुमाल, काळा झगा, भर जुलैत. बाहेर केव्हा येऊन बसली होती, मला ठाऊक नाही. मला वाटलं आता ही तोंड सोडणार, आणि मी मनात म्हटलं, सोड बाई, आणि माझ्यावर सोड.

ती आत आली. खुर्चीवर बसली. माझ्या हातातून पोर घेतलं, त्याचे पाय स्वतःच्या गुडघ्यांत आवळले, एक हात काखेत धरला, दुसरा उघडा करून पुढे केला. तिचे हात लेकरं धरायला सरावलेले होते. पोराने किंकाळी फोडली आणि तिच्या काळ्या रुमालात तोंड खुपसलं.

अग्लाया हलली नाही.

"टोच की," साफ्ता म्हणाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिने तिच्याकडे बघितलं. "मी धरलंय."

अग्लायाने टोचलं. कापसाचा बोळा दाबला. पोर रडत राहिलं आणि साफ्ता त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जरा जास्तच वेळ. मग त्याला त्याच्या आजीकडे दिलं, झगा सारखा केला आणि पुन्हा मांडी जुळवून बसली.

"पुढचं कोण?" तिने मला विचारलं.

मी दार उघडून नाव घेतलं.